अप्पांचा चुकलेला बार

११ जानेवारी १९५८

अठरा दिवस वहीला हात लावला नाही. कारण काही नाही, सुम्ने, उगाच टाळलं! मध्ये तलकाडला गेलो— एका दिवसासाठी. चार दिवस राहिलो, नदीकाठच्या वाळूत हिंडत.

आलो तर अप्पांनी माळ्यावरची बंदूक खाली काढलेली. "गंगाधररावांना दे. विकू देत. घरात नको."

अकरा वर्षं अप्पा तिच्याकडं बघत नाहीत. तेव्हा आमच्या गावी, एच. डी. कोट्याला, पिकाच्या राखणीला होते. शंभर पावलांवर रानडुक्कर. अप्पांनी बार काढला— चुकला. नळीच्या तोंडातनं भरायची बंदूक, दुसरा बार कुठला! डुक्कर शेजारी उभ्या शिवाजीरावांवर गेलं. त्यांचा पाय कापावा लागला. जिवाचे दोस्त दोघं. "भुजंगा, तू भिऊन डोळे मिटलेस," एवढंच ते म्हणाले. मग बोलणंच संपलं. आम्ही म्हैसूरला आलो.

१२ जानेवारी

मंडी मोहल्ला. गंगाधरराव तिथं बंदुका दुरुस्त करतात. द्यायला गेलो नि दिवसभर बसलो.

"एनफील्ड रे ही, विलायती बनावटीची!" म्हणाले. मग दुसऱ्या एका एनफील्डची नळी दाखवली. आत तीन चऱ्या, मळसूत्रासारख्या पिळलेल्या. "त्यातनं गोळी फिरत निघते, म्हणून सरळ जाते. आधी ठोकून ठोकून बसवायला लागायची. मग बुडाला पोकळ गोळी निघाली— सैल आत जाते, बार झाला की फुगून चऱ्यांत बसते. लढायाच बदलल्या की! मागनं भरायच्या नंतर आल्या. पोलिसांची थ्री-नॉट-थ्री हिचीच नात."

मग आमची नळी उजेडाला धरली. आत गुळगुळीत!

"झिजली," मी म्हटलं.

"झिजली नव्हे शहाण्या, मुद्दाम तशी केलेली. सत्तावनच्या बंडानंतर साहेबानं देशी शिपायांना अशा दिल्या. बाहेरनं तीच, आत चऱ्या नाहीत. उलटले तरी लांबचं लागू नये, अल्वा, हो की नाही?"

"शंभर पावलांवर?"

"लागलं तर नशीब."

सायकल तिथंच विसरलो. चालत घरी.

१३ जानेवारी

शिवाजीरावांना कार्ड टाकलं. सगळं लिहिलं. अप्पांना सांगायचं धाडस मात्र नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळगूळ, वाटत गल्लीभर फिरलो. सांगायचं राहिलं.

१६ जानेवारी

सांगितलं. अप्पा म्हणाले, "डोळे उघडे होते असं मला छातीवर हात ठेवून कधी सांगता आलं नाही, नागू. रोज आठवून बघतो. आता वाटतं, मिटलेच असतील."

थोड्या वेळानं— "शिवाजीला कळवू नकोस. त्याचा पाय थोडाच येणार?"

कार्ड तर गेलेलं!

२४ जानेवारी

कोट्याहून उत्तर. नेमकं अप्पांच्या हाती पडलं. एकच ओळ— "बंदुकीला नावं ठेवणं सोपं."

अप्पांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवले नाहीत.

२५ जानेवारी

बेंगळूरला निघून जावं म्हणतो. पिशवी भरली. परत काढली.

२७ जानेवारी

शिवाजीराव आलेत! पहिल्या बसनं, एकटे, कुबडी घेऊन. आत येत नाहीत, पायरीवर बसलेत. अप्पा अर्ध्या दाढीला साबण तसाच घेऊन दारात उभे. आई "आत बोलवा की" म्हणतेय, कुणी हलत नाही.

आत्ताच शिवाजीराव बोलले— "डोळे मी मिटले होते, भुजंगा. तुझे मी बघितलेच नाहीत."