तुमची मागे पडलेली सम

काका, आज तळघर आवरताना तुमचं जुनं साउंड कार्ड हाती लागलं आणि अमेरिकेतलं, ॲन आर्बरमधलं तुमचं स्वयंपाकघर आठवलं. २००४ ची संक्रांत जवळ आलेली, बाहेर गुडघाभर बर्फ, ओट्यापाशी काकू तीळ भाजतायत आणि टेबलावर कॉम्प्युटर उघडा पडलाय. मी विद्यापीठात शिकत होते, एकटी होते, तुमच्याकडे जेवायला यायला निमित्तच शोधायचे. तुम्हाला ऐकू कमी यायला लागलं होतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काकू गाणार, तुम्ही तबल्यावर; म्हणून त्यांचा आवाज माइकमधून कॉम्प्युटरमध्ये घेऊन, मोठा करून तुमच्या हेडफोनमध्ये सोडायचं ठरलं. पण तो उशिरा पोचायचा आणि तुमची सम हुकायची.

बफर म्हणजे आवाज साठवायचं भांडं. मोठं असलं की उशीर, फार लहान असलं की आवाज तुटतो. किती लहान चालेल याची ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, अट होती. ती मी काढून टाकली, आणि तुमच्या कार्डावर ते चक्क चाललं! तुमची सम अशी पडली की काकूंनी उलथनं खाली ठेवलं. लहान मुलासारखे हसलात तुम्ही.

तो ड्रायव्हर तुम्ही जगासाठी फुकट सांभाळायचात. मी हौसेने माझा बदल सगळ्यांना पाठवला, तर कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, हेच कार्ड असून त्याचा कॉम्प्युटर पार अडकून बसतो.

"अट परत घाल," तुम्ही म्हणालात.

"काका, त्यांच्यासाठी घालते. तुमच्या मशीनवर राहू दे ना, कुणाला कळणारे?"

"मग मी टेस्ट काय करू? लोकांना एक द्यायचं आणि आपण दुसरंच वापरायचं, हे मला नाही जमायचं."

मी चिडले, जेवलेही नाही. कार्यक्रमात तुम्ही हेडफोनशिवाय बसलात आणि मांडीवर ताल धरणाऱ्या काकूंच्या हाताकडे बघत वाजवलंत. सम जराशी मागे पडत होती. मला रडू आवरेना. पुढे नोकरीत, सांता क्लारात, हुशार माणसं पैशाला पासरी भेटली. तुमच्यासारखं कुणी भेटलं नाही.

हा कागद आता कार्डाबरोबर खोक्यात जाईल. तुम्ही गेल्यापासून काकूंना त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हवंय. "यांचा तबला जरा सरकवून समेवर आण गं, तुला येतं ना?" दर फोनला विचारतात. येतं; तबल्याचा माइक वेगळा होता, त्यामुळे तेवढाच आवाज सरकवता येतो. "करते, काकू," मी म्हणते.

काका, मी ते करणार नाहीये.