चिमणीची किल्ली

प्रिय ताई,

लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला. वेळ नव्हता असं नाही, धीर नव्हता. मधे चार दिवस एका मालट्रकवर क्लीनर म्हणून फिरून आलो. ड्रायव्हर गाताना डोळे मिटायचा, त्यामुळे झोप काही… असो. मी असाच भरकटतो.

किल्ल्यांचं दुकान तसंच आहे, फक्त मशीन गप्प आहे. बाबा मशीनच्या यादीत किल्लीपुढे कधी नाव लिहीत नसत, तुला ठाऊक आहे. लंगडं मांजर, कुरकुरतं दार, खोकणारे मास्तर, अशा नुसत्या खुणा. कुणाची किल्ली हरवली की खूण शोधायची, मशीन तसेच दाते पाडून द्यायचं. मशीनचा प्रोग्राम त्यांनी एकदाच पैसे मोजून घेतला होता. त्याच्या सीडीच्या चकतीचा डबा अजून फळीवर आहे. विकत घेतलं ते आपलं, एवढंच त्यांचं गणित.

मग पडद्यावर नव्या आवृत्तीचं आमंत्रण आलं. बाबा जेवायला गेले होते. मी न वाचताच 'मान्य आहे' दाबलं. तर प्रोग्राम प्रत्येक खुणेसमोर नाव-पत्ता मागायला लागला. म्हटलं, जन्मात एक काम तरी पुरं करावं. दोन दिवस बाबांना विचारून विचारून भरलं. पोरगं एका जागी बसलंय याचाच त्यांना आनंद, म्हणून सांगत गेले. फक्त 'चिमणी' या खुणेपाशी अडले. मी म्हटलं, आपल्याच दुकानात राहणार ना? मग त्यांनी हळूच पत्ता सांगितला.

महिन्याने पडदा लाल. दरमहा भाडं भरा, नाहीतर यादी उघडणार नाही. चकती घालून पाहिली, घेतच नाही. यादी आता कंपनीकडे. फोन केला, तर बाई फार गोड बोलली. एक ओळ पुसायची असली तरी आधी भाडं भरा म्हणाली. बाबा म्हणतात, स्वतःच्या घरात शिरायला भाडं देणार नाही. मला वाटलं, बरंच झालं. आपल्याला उघडत नाही, तर कुणालाच नाही.

पण माझं तोंड! परवा चहाच्या दुकानात हा किस्सा रंगवून सांगितला. सगळ्यांचे पत्ते, अगदी आमच्या चिमणीचासुद्धा, आत कोंडलेत म्हणून. सगळे हसले. कोपऱ्यातला एक पाठमोरा माणूस तेवढा हसला नाही. उठताना त्याने डावा खांदा उडवला, अगदी दाजी उडवतात तसा.

ताई, दाजींपासून लपायला तू ज्या खोलीत गेलीस, तिची किल्ली बाबांनीच पाडली. पत्ता मी टाइप केला. तुझा फोन नंबर आमच्याकडेही नाही, म्हणून हे पत्र. नुसतं कुलूप बदलून भागणार नाही. खोली सोड. कुठे जातेस ते मला कळवू नकोस.

तुझाच,
भिंगरी

थांब. पाकीट चिकटवत होतो, तोच दुकानात दाजी आले. पांढरा सदरा, तेच हसू. फोन दाखवून बाबांना म्हणतायत, "मशीन कशाला बंद ठेवायचं? वर्षाचं भाडं मी भरलंय. उघडून तर बघू."

पडदा हिरवा होतोय. पेन ठेवतो.