बाजीरावांच्या पोरीचे बूट

सातारा, मंगळवार

बाजीरावांनी आमच्यानंतर ऑर्डर दिली, आणि त्यांच्या वेदिकाचे फिगर स्केटिंगचे बूट आज आलेसुद्धा. आमच्या सानिकाचे अजून पुण्याच्या दुकानातच. रविवारी जिल्ह्याची निवड, आणि माझी पोर जुन्याच चाकांवर. पंपाच्या मोटारी दुरुस्त करत वर आलो मी. बेअरिंग गेलेलं मला रस्त्यापलीकडून ऐकू येतं. सानिकाची चाकं कुरकुरतात. वेदिकाची? आवाजच नाही. तेच जास्त टोचलं.

"वशिला लावला काय बाजीराव?" संध्याकाळी स्केटिंगच्या मैदानावर हसतहसत विचारलं.

"आवं, कसला वशिला? माप धाडलं, बूट आलं."

तिथूनच दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, पायाच्या मापापेक्षा तुम्ही दोन नंबर मोठे मागितलेत. खात्री करायला मेसेज टाकलाय, उत्तरासाठी थांबलोय." मग? वाढत्या पायाला वाढतंच माप घ्यायचं. आमच्याकडं चपलासुद्धा अशाच घेतात. पण हे बूट घट्टच असावे लागतात म्हणे, नाहीतर गिरकीत घोटा मुरगळतो. नेमकं माप सांगितलं. रविवारपर्यंत आता कुठले येतात!

तेवढ्यात वेदिकानं गिरकी घेतली. इथं खोटं कशाला लिहू, पडल्याचा आवाज येतोय का म्हणून मी कान देऊन उभा होतो. एवढीशी पोर ती. आवाज आला तो टाळ्यांचा. सगळ्यात आधी वाजवल्या आमच्या सानिकानं.