फारच कमी!

३ फेब्रुवारी, सोमवार

बसमध्येच वही काढलीय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. घरी जाईपर्यंत निम्मं विसरेन.

आठवीचा इंग्रजीचा तास बघितला. छत्तीस मुलं. घरी एकाचीही भाषा इंग्रजी नाही, आणि निम्म्यांची तर शेजारच्या बाकाशीही जुळत नाही. बाई बुटक्या, नोकरीची बावीस वर्षं झालेल्या, आवाज इतका हळू की मला वाटलं घसा बसलाय. त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला – तुमच्या घरी कोण कोण आहे? – आणि खडू ठेवून उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या! मी घड्याळ बघत होते. दहा सेकंद. अकरा. बारा. घाम मला फुटला! दुसरा कुणीही एव्हाना स्वतःच उत्तर देऊन मोकळा झाला असता. मी तर नक्कीच.

आणि शेवटच्या बाकावरची मुलगी उठली. यंदाच दुसऱ्या राज्यातून आलेली. वर्गात आजवर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, असं मुख्याध्यापिका सकाळीच सांगत होत्या. म्हणाली, "आय ॲम हॅव टू ब्रदर्स." त्यातलं 'ॲम' नको होतं. बाईंनी चूक काढली नाही. "अँड?" एवढंच म्हणाल्या आणि परत थांबल्या. पोरगी आणखी तीन वाक्यं बोलली!

पंधरा शाळांत फिरते मी. इंग्रजीच्या शिक्षकांचे तास बघायचे, मग बसून बोलायचं, अडलं तिथे हात द्यायचा. नऊ वर्षं सगळ्यांच्या मागे एकच धोशा – तुम्ही कमी बोला, मुलांना बोलू द्या. माना सगळे हलवतात. करताना आज पहिल्यांदा कुणी दिसलं.

तास बघून जो तक्ता भरायचा, त्यात एक रकाना असतो, 'शिक्षक किती बोलतात?' तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं – फारच कमी! खाली शेऱ्याची जागा होती, ती तशीच सोडली. बस सुटत होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारपासून तीनदा वही उघडून मिटली.

साहेबांनी ऑफिसात बोलावलं. आमच्या विभागाचे मुख्य तेच. खूश होते! म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना सांभाळून घेत होतात. या वेळी स्पष्ट लिहिलंत, बरं झालं." मला कळेचना कशाबद्दल. मग त्यांनी तक्ता पुढे सरकवला. माझंच अक्षर. फारच कमी! खाली त्यांची लाल रेघ.

एक मार्चपासून बाई ग्रंथालयात. आठवी 'रेडिओ'कडे. रेडिओ म्हणजे त्याच शाळेतले दुसरे इंग्रजीचे सर. घंटेला सुरू होतात, घंटेलाच बंद होतात, मध्ये कुणाला काही विचारायची सोय नाही.

म्हटलं, "साहेब, ती तक्रार नव्हती. कौतुक होतं!"

"कौतुक असं लिहितात?"

कागद बघितला तर कुणालाही तक्रारच वाटेल. शेऱ्याची जागा कोरी. दोन ओळी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पुढची बस वीस मिनिटांनी होती.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तरी सांगत होतो, उद्गारचिन्हं जपून वापर. लग्नाआधीची तुझी पत्रंसुद्धा मला धमकीच वाटायची." एरवी हसले असते. आज उठून आत गेले.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. भाजी करपली. दुसरी टाकली, तीही खाली लागली.

१० फेब्रुवारी, सोमवार

परत साहेबांपुढे. उभ्या उभ्या अर्धा तास बोलले. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "वीस तारखेला मीच येतो. तास बघतो. बोलल्या तर ठेवू."

बोलल्या तर! म्हणजे मी जे चांगलं म्हणून मिरवते, तेच केलं तर बाई जाणार. बरं, 'तसं नाही साहेब' म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी फोन उचलला होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना भेटले. शिक्षकांच्या खोलीत, कपाटाआडच्या टेबलाशी. तक्त्याची नक्कल त्यांच्याकडे आधीच आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नीट जपून ठेवलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरंच आहे ते, मॅडम. मी कमीच बोलते," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी समजावलं. ती चूक नाही, तोच गुण आहे, आम्ही हेच शिकवतो, शेरा माझ्याकडून राहिला, बस सुटत होती – सगळं. घंटा झाली तरी माझं चालूच. त्यांनी एकच विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

सांगावं लागलं. बोलल्या तर ठेवू.

"तुम्ही मात्र नेहमीसारखंच शिकवा," मी म्हटलं. "साहेबांना मी सांभाळते." (कशी? ते माझं मलाच माहीत नाही.) त्या म्हणाल्या, "मॅडम, मला वाटतं मुलांना जर..." मी म्हटलं, नको नको, मुलांना यातलं काही कळता कामा नये, त्यांच्या जीवाला कशाला घोर! त्यांनी पिशवी परत कपाटात ठेवली. मग मी प्रश्न कसे निवडावे यावर आणखी बरंच बोलले.

येताना बसमध्ये आठवत राहिलं. काय म्हणणार होत्या? जाऊ दे. नेहमीसारखं शिकवलं की झालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन केला. म्हणाल्या, "तयारी चाललीय." आवाजात धाप. मागे मुलांचा गलका. शाळा सुटून तासभर झाला होता!

कसली तयारी? त्या तासाला तयारी लागतेच कुठे? विचारीन म्हटलं तर मीच 'शांत राहा, पाणी पीत जा' वगैरे सांगत बसले. त्यांनी "हो मॅडम" म्हणून फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या. नवरा म्हणतो, परीक्षा तुझी आहे की त्यांची? माझीच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झालं. सगळं उलटं झालं.

साहेब पहिल्या बाकावर, मी भिंतीशी. बाई आत आल्या, फळ्याकडे पाठ केली आणि बोलायला लागल्या. पस्तीस मिनिटं! थांबणं नाही, प्रश्न नाही. घडाघडा. पाठ केलेलं होतं हे शेंबडं पोरही ओळखेल. डोळे वर छताला लावून म्हणत होत्या. पुस्तकातलंही नाही काही. नव्या शाळेत आलेल्या कुण्या मुलीची गोष्ट. तिचा पहिला दिवस, तिचा डबा, शौचालय कुठे हे विचारायला शब्द नाही म्हणून दुपारपर्यंत कळ काढली, ते. गोष्ट चांगली होती, नाही कशाला म्हणू. पण सुरुवातीलाच – "आय ॲम हॅव नो फ्रेंड"! बावीस वर्षं इंग्रजी शिकवणारी बाई! कानाला चटका बसला. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही, नशीब. भीतीने माणसाचं काय होतं! आणि ती भीती मी घातली.

मुलं? मुलं चिडीचूप. कुणाकुणाचे ओठ हलत होते, काहीतरी चघळत असावीत. कंटाळणार नाहीत तर काय! मध्ये एकदा बाई अडखळल्या, थांबल्या. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीने हात अर्धा वर केला. मला वाटलं, आता! आता तरी तिला विचारतील! बाईंनी तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुढे बोलायला लागल्या. मुलीने हात खाली घेतला. तेवढं बघून माझे डोळे भरून आले.

तास संपताच साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात सुधारणा! मॅडम, तुमच्या मार्गदर्शनाचं यश!" वर्गासमोर माझं अभिनंदन! बाई माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, आधीचा तास याच्या शंभरपट चांगला होता, एवढंच. पण बोलले तर त्या ग्रंथालयात. म्हणून हसले. मान डोलावली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बदली रद्द. लेखी आलं. आठवी त्यांच्याकडेच.

जीव भांड्यात पडायला हवा. पडत नाही. वर्ग राहिला, पण मी पाहिलेल्या त्या बाई राहिल्या का? आता जन्मभर त्या पाठ करूनच शिकवणार. एक चांगली शिक्षिका होती, तिचा मी दुसरा रेडिओ करून ठेवला. त्यांना फोन करायचा धीर होत नाही. नवरा म्हणाला, "निदान या वेळी चिठ्ठी लिही. उद्गारचिन्हाशिवाय." लिहायला बसले. चार पानं झाली. फाडून टाकली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्याबद्दलचे तक्ते आले. दरवर्षी फेब्रुवारीअखेर शिक्षक आमच्याबद्दल लिहितात, नाव घालायचं नसतं. पंधरा शाळांचा गठ्ठा. वरवर चाळत होते. एकावर, 'मार्गदर्शक किती बोलतात?' या रकान्यात लिहिलं होतं – फार.

आणि शेऱ्याची जागा काठोकाठ भरलेली. उतरवून ठेवते.

"तुम्ही बोलत होतात, म्हणून सांगायचं राहिलं. मी मुलांना सगळं सांगितलं होतं. मला बोलायला काहीतरी लिहून द्या म्हटलं. छत्तीस जणांनी आठवडाभर शाळा सुटल्यावर बसून लिहिलं. गोष्ट शेवटच्या बाकावरच्या मुलीची. ओळ विसरले तर हात वर करून आठवण द्यायचं काम तिचंच होतं. 'आय ॲम हॅव' चूक आहे, मला दिसत होतं. पण ते तिचं पहिलं वाक्य. म्हणून मी तसंच म्हटलं."