बेनेडिक्टाचे सोळा तुकडे

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. दुपारी ४ वाजून १० मिनिटे

वेळ आधी लिहिली. उद्या कुणी विचारलं तर "चारच्या सुमारास" असं सांगणारी मी नव्हे. चार वाजून दहा मिनिटांनी कनेरगाव नाक्याच्या विजयकुमार नर्सरीवाल्याने माझ्या बेनेडिक्टाच्या पोटात चाकू घातला. मोबाइलवर, लाइव्ह! शंभर-सव्वाशे माणसं बघत होती. खाली टाळ्यांची चित्रं टाकत होती.

पोळपाटावर ठेवली होती तिला. बायकोचा पोळपाट असणार. आधी मुळं छाटली. मग मान उडवली. मग उभा चाकू — दोन, चार, आठ, सोळा. चिकट रस पोळपाटावरून खाली ओघळत होता आणि हा दात काढून सांगत होता, "एकाचे सोळा झाले, दोस्तहो! हिंगोली क्वीन! सोळा तुकडे, सोळा बोल्या! चला, लावा!"

हिंगोली क्वीन! तिला नाव आहे, गाढवा.

त्याची बोटं त्याच पोळपाटावर ठेवावीत आणि एकेक पेर —

पुरे. चहा ठेवते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चहा घेतला. आता सरळ लिहिते.

लिलीच्या कंदांचा लिलाव मोबाइलच्या ग्रुपवर चालतो. फोटो टाकायचा, बोली लागते, वेळ संपली की शेवटची बोली पक्की. कंद झोपलेला असताना पाने नसतात, तेव्हा तो कागदात गुंडाळून कुरियरने जातो. मी तिथे फक्त फोटो टाकत असे. बेनेडिक्टा मी बियांपासून वाढवली — एका लिलीचा पराग दुसरीला लावून, नऊ वर्षं वाट बघून. दुधासारखी पांढरी, आणि घशात साकळलेल्या रक्ताचा रंग. जगात कुणाकडे नाही. ग्रुपवर एक शहाणा म्हणाला, "मॅडमचे फोटो एडिट केलेले असतात." तेव्हा मी ठरवलं, दाखवतेच. नव्या वर्षात आईपासून तिचं एकमेव पिल्लू, बुडाशी फुटलेला छोटा कंद, वेगळं केलं आणि लिलावात ठेवलं. म्हणजे जगात दोनच. आई माझ्या ओसरीवरच्या कुंडीत झोपलेली. आणि हे पिल्लू.

एकच अट घातली होती: कापायचा नाही. जमिनीत वाढू द्यायचा, आपणहून देईल तेवढीच पिल्लं घ्यायची. विजयकुमारने खाली लिहिलं, "मान्य, मॅडम." पुढे हात जोडलेले! शेवटची बोली त्याचीच लागली.

कंद कापूनही लिली वाढवतात, हे मला कुणी शिकवू नये. तुकड्यांना पावडर फासायची, ओलसर कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, पिशवीत भरायचे, तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा नवा कंद. सगळं ठाऊक आहे. पण एकतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात चाकू दिले. माझ्या अंगणात तरी कुणाचं पोट फाडायचं नव्हतं मला. एवढंच.

आणि नाव! माझ्या मिशनच्या बोर्डिंग शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा पट्टीच्या कडेने पेरांवर मारायच्या. मग स्वतःच मलम लावायच्या आणि लावताना म्हणायच्या, "रडतेस कशाला? चुकतेस कशाला?" आयुष्यात मला जे काही नीट येतं ते त्या पट्टीमुळे. ते नाव पुसून हा क्वीन लिहितो!

१७ फेब्रुवारी

ग्रुपवर सगळं लिहिलं. त्याला चोर म्हटलं. पाच मिनिटांत मला काढून टाकलं. अ‍ॅडमिन कोण? तोच!

फोन लावला. "मॅडम, तुमी उगंच टेन्शन घेऊन राहिल्या," म्हणतो. पुढचं ऐकलं नाही. फोन भिंतीवर मारला. काच फुटली, फोन चालू आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी. नांदेड

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर बालवाडीचं.

मंगळवारी गेले होते नाक्याला. हरीशला बोलावलं — माझा भाचा, गोरेगाव-हिंगोली जीप चालवतो. "आत्या, बोलून मिटवू," म्हणत होता वाटभर. मी बोलायलाच निघाले होते. खरंच.

विजयकुमार शेडनेटच्या जाळीखाली बसला होता, दोन गडी पिशव्या भरत होते. "या मॅडम, बसा. चहा सांगू?"

"कापणार नाही असं कबूल केलं होतंस की नाही?"

"व्हय, केलं होतं. पण लिलावात घेतलं म्हणजे माझं झालं की. म्या म्हैस इकत घेतली तर तुमी मला दूध काढू नको म्हणसाल का?"

"तू दूध नाही काढलंस. म्हैस कापून सोळा घरी वाटलीस."

गडी हसले. तोही हसला. म्हणाला, "मॅडम लई शिकेल हायेत बा!" आणि गड्यांकडे बघून डोळा मारला.

त्याने डोळा मारल्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. फावडं भिंतीला टेकलेलं होतं. दांडा उचलला, पहिला फटका रॅकवर. कुंड्या खाली आल्या, एकामागून एक, पूर्ण ओळ. दुसरी ओळ. तो "अहो! अहो!" करत आला आणि तिसरा फटका त्याच्या कानावर बसला. चुकून नाही बसला. रक्त आलं, कानावरून मानेवर. कान आणि डोकं किती रक्त देतं ते मी हजारदा बघितलं आहे. घाबरायचं कारण नसतं. तो घाबरला. माझं मनगट धरून पिळलं. मी त्याच्या दंडाला चावले. मांस दातांत आलं, खारट. सोडलं नाही.

"चावली रे म्हातारी! आरं, सोडवा ना!"

त्याने हात झटकला. मी सिमेंटच्या हौदावर आपटले. मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकलं. असं वाकलं की कुठलं हाड गेलं ते एक्स-रेशिवाय कळतं. हरीशने उचलून जीपमध्ये घातलं. वाटेत तो रडत होता, मी नाही. "आत्या, तुमी दातानं काहून चावल्या?" दहादा विचारलं. दुसरं काय होतं जवळ?

काल प्लेट बसवली. नव्या मुलीने थिएटरमध्ये सर्जनला चाकू उलटा दिला. भूल हातापुरतीच होती, म्हणून दिसलं. उठता आलं असतं तर तिलाही चावले असते.

वाईट वाटेल म्हणून चार दिवस वाट बघितली. नाही वाटलं.

२६ फेब्रुवारी. गोरेगाव

हरीशच्या घरी. एका हाताने मला वेणीही घालता येत नाही. त्याची बायको वैष्णवी घालते — ओढून. तिला वाटतं मी वेडी झाले. "फुलासाठी कुणी चावतं का, आत्या?" नवऱ्यासाठी चावलं असतं तर चाललं असतं!

घराची किल्ली शेजारच्या द्वारकाबाईकडे आहे. मांजराला भाकरी घाला, एवढं सांगून ठेवलं.

२ मार्च

हिंगोलीहून पोलीस जमादाराचा फोन. विजयकुमारने तक्रार दिली: मारहाण, नुकसान, चावा. चावा वेगळा लिहिला आहे! मी म्हणाले, माझीही लिहून घ्या — मनगट मोडलं, शब्द मोडला. "शब्द मोडल्याचं कलम न्हाई, बाई," म्हणाला.

नसेल. म्हणूनच फावडं लागतं.

५ मार्च

स्वप्नात विजयकुमार टेबलवर होता. भूल दिलेली नव्हती. मी चाकू देत होते, पण सर्जन कोण ते दिसत नव्हतं. छान झोप लागली.

मंगळवार, ११ मार्च

ठाण्यात दोघांना समोरासमोर बसवलं. त्याच्या कानावर टाक्यांची रांग, माझ्या हाताला प्लास्टर. बाकावर आमच्या मध्ये जमादार, तोही घाबरत बसल्यासारखा. दोघांनी तक्रारी मागे घ्याव्यात, असं त्याचं म्हणणं. विजयकुमार म्हणाला, चालेल. मी म्हणाले, एका अटीवर. सोळाही तुकडे नष्ट करायचे.

तो एकदम उभा राहिला. "मॅडम, आसं करू नका. बोलीवाल्या सगळ्यांचे पैसे म्या परत केले. एकबी तुकडा कुठं गेला न्हाई, सगळे माझ्यापाशी पिशव्यांत हायेत. जित्ते हायेत ते! बुडाला फुगून राहिलेत. मी रोज बघतो."

"जाळ."

"तुमीच न्या मंग. सोळाच्या सोळा न्या. मला नकोत."

"तुकडे केलेलं प्रेत मी घरी नेत नसते."

जमादार मध्ये पडला, "बाई, एवढं काहून? झाडाचा तर कांदा हाये तो." त्याच्याकडे मी नुसतं बघितलं. तो कागद चाळायला लागला.

विजयकुमार टोपी हातात फिरवत होता. डोळे भरले होते त्याचे. ढोंग नव्हतं. ढोंग मला कळतं, पेशंटचे नातेवाईक आयुष्यभर बघितले आहेत. तरीही मी अट बदलली नाही. मग म्हणाला, "ठीक हाये. परवा होळी. गावाच्या होळीत टाकतो, समद्यांसमोर. मागं शब्द मोडला म्हणून तुमी मला चोर म्हणल्या, डोकं फोडलं. ह्यो शब्द आता मोडणार न्हाई. तुमचा फोनबी घेणार न्हाई. मला थांबवाल तर थांबणार न्हाई."

"कोण थांबवतंय तुला?"

सह्या झाल्या. माझी डाव्या हाताची. जमादाराने चहा मागवला, मी प्यायले. ठाण्याबाहेर आल्यावर हरीश म्हणाला, "झालं का आत्या समाधान?"

झालं. पूर्ण झालं. मरायचंच तर पोर अर्धवट मेलेलं बरं नसतं.

१२ मार्च. कळमनुरी

घरी. मांजर जाड झालं आहे. द्वारकाबाई लेकीकडे गेली आहे, किल्ली दारावरच्या कोनाड्यात. पाठ दुखते. हरीश आज इथेच मुक्कामाला. ओसरीवर दिवा लावला नाही, सरळ झोपते.

गुरुवार, १३ मार्च. सकाळी सात

वास आला म्हणून उठले. गँगरीनच्या वॉर्डात येतो तो.

ओसरीवरच्या बेनेडिक्टाच्या कुंडीतली माती काळी, गच्च ओली. बोट घातलं तर ते पिकलेल्या सीताफळात जावं तसं आत गेलं. कुंडी पालथी केली. करडी लापशी, मुंग्या, आणि कंदाची नुसती साल. पिल्लू वेगळं केल्याची जखम बुडाला होती. झोपलेल्या कंदाला तशीही पाण्याची गरज नसते, त्यात ही जखम! महिना-दोन महिने थेंब लागायला नको होता.

तेवढ्यात लेकीकडून परतलेली द्वारकाबाई आलीच, दुधाचा तांब्या घेऊन, हसत. "कवा आल्या बाई? हात कसा हाये? मी समदं बघितलं बरं का. तुळशीला घालताना त्या कुंडीलाबी रोज तांब्याभर घातलं. सुकून राहिली होती बिचारी, एक पान न्हाई अंगावर. म्हणलं, बाई दवाखान्यात, झाडाला काहून तकलीफ?"

तिच्या अंगावर धावून जायचं होतं मला. पाय उचलले. तिने माझा पडलेला पदर उचलून खांद्यावर नीट ठेवला. म्हणाली, "रडू नका वं. झाडच हाये, दुसरं येईल."

दुसरं!

पाणी कशाला घातलंस, हे तिला विचारलं नाही. घालू नका, हे तिला मी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी, सकाळी साडेनऊ

फोन सतरा वेळा लावला. घेत नाही. हरीश जीप काढतो आहे. ही चिठ्ठी त्याच्या हाती देते, नक्कल इथे:

श्री. विजयकुमार, कनेरगाव नाका.

सोळाही पिशव्या आहेत तशा ठेवाव्यात. एकही होळीत टाकू नये. ठाण्यातली माझी अट मी मागे घेते. तुमची तक्रार तुम्ही पुन्हा द्यावी. मारलं आणि चावले, दोन्ही मी लिहून देईन. पिशव्या उन्हात ठेवू नयेत. ओल बोटाने तपासावी, वरून पाणी घालू नये. ह्या सोळा तुकड्यांखेरीज ती आता कुठेही नाही.

किती जिवंत आहेत ते कागदावर लिहून हरीशजवळ द्यावे. तोंडी निरोप चालणार नाही. आज, १३ मार्च, होळी रचायच्या आधी, सायंकाळी पाचच्या आत.