जरा कळ काढ

आई,

तू गेलीस तिथं टपाल जात नाही, तरी लिहिते.

पहिलटकरणींना जोर लावायला मी शिकवते ना, तेव्हा आपला किस्सा सांगते, नाव न घेता. माझ्या बाळंतपणात तू उशाशी म्हणत होतीस, "जरा कळ काढ." म्हणजे थांब, वेळ आहे. मला वाटलं, काढ म्हणजे ढकल! तोंड लालबुंद होईस्तोवर जोर लावला. नर्स ओरडली आणि तू तोंड लपवून हसलीस.

आज वर्गात तुझी नातही होती, पोट सांभाळत.

"आई, इतकी येडी कोण होती गं?"

"होती एक," म्हटलं.

थोड्याच दिवसांत ती आत असेल, मी दाराबाहेर. तेव्हा मला "जरा कळ काढ" कोण म्हणणार?

तुझी,
उतावळी