साइटवरची ती ओळ

मंगळवार, संध्याकाळ. गारखेडा.

आज सुमनबाई नाहरकत घ्यायला आल्या. म्हणजे त्यांना वकील बदलायचाय, आणि त्याला माझी सही लागते. वडिलांच्या चिकलठाण्यातल्या जमिनीत भावांकडं हिस्सा मागायचा त्यांचा दावा. विहीर आटली तसे भाऊ प्लॉट पाडून विकायला निघाले. त्यावर स्टे मिळावा म्हणून मी झगडतेय.

वकील बदलायचं कारण काय, तर कोर्टाच्या साइटवरची ती ओळ: ‘वादीच्या वकिलांनी मुदत मागितली.’ म्हणजे तारीख मीच लांबवली! अहो, मुदत भावांच्या वकिलानं मागितली! मी घसा कोरडा पडेपर्यंत विरोध केला. माहिती भरताना कुणीतरी उलटं भरलं.

“बाई, हे चुकीचं चढलंय. मी दुरुस्तीचा अर्ज देते.”

“सरकारी साइट खोटं कशाला बोलंल, ताई?”

आवाजात भांडणसुद्धा नव्हतं. त्याचाच जास्त राग आला.

आणि त्या साइटचं अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं कुणी? मीच. नुसती तारीख विचारायला उन्हात हेलपाटे नकोत म्हणून. शेजारी बसवून शिकवलं. म्हणजे ती ओळ वाचायलाही मीच शिकवलं की!

सही केली. टँकर आला नव्हता, माठात तळाला उरलेलं पाणी त्यांनाच दिलं. ते पिऊन त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

“नव्या वकिलाचं नाव यात कधी दिसंल, ताई? तेवढं बघून सांगा की.”

बघून सांगितलं.